साक्ष देणारीं घरें



ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें आम्हीं देवळांतील जुनीं दप्तरें उघडलीं. बाप्तिस्मा, लग्न व मरण ह्यांच्या नोंदी त्यांत क्रमानें लिहिलेल्या आहेत. घंटा केव्हां बसविली, छप्पर केव्हां दुरुस्त केलें, हेंहि सांपडलें. परंतु ज्या मातेनें लेंकराचा हात धरून त्यास प्रथम क्रुसाची खूण करावयास शिकविलें, तिचें नांव कोठेंहि नाहीं. देवळाचा इतिहास लिहितां येतो. श्रद्धेचा इतिहास बहुधा अलिखितच राहतो. तशाच एका इतिहासाचें स्मरण येथें करावें, असें आम्हांस वाटलें. त्याचा आरंभ आपल्या वसईंत होतो.

संत गोन्सालो गार्सिया ह्यांचा जन्म सुमारें १५५७ सालीं वसईस झाला. पिता पोर्तुगीज, माता ह्याच भूमींतली. येशूसंघाच्या पाद्र्यांजवळ शिकून ते कोवळ्या वयांतच त्यांच्याबरोबर जपानास गेले, तेथील भाषा शिकले व धर्मशिक्षणाच्या कामीं साहाय्य करूं लागले. त्या संघांत त्यांचा प्रवेश झाला नाहीं. मग त्यांनीं व्यापार केला, आणि पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत ते बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं पेद्रो बाउतिस्ता ह्या धर्मगुरूंसमवेत ते दुभाषी म्हणून जपानास परतले. ते स्वतः धर्मगुरु कधींच झाले नाहींत, हें ध्यानांत ठेवावें.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीच्या आज्ञेवरून त्यांस व इतरांस धरण्यांत आलें. क्योटो येथें प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यांत शेंकडों मैलांच्या वाटेनें त्यांस नागासाकीस नेलें. प्रथम ते चोवीस होते. वाटेंत त्यांची सेवा करावयास आलेल्या दोघांसहि शिपायांनीं त्यांच्यांतच धरलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं त्या सव्वीस जणांस क्रुसावर मारण्यांत आलें. त्यांत वीस जपानी होते. एक वैद्य, एक स्वयंपाकी, एक धनुष्यबाण करणारा कारागीर व त्याचा चौदा वर्षांचा मुलगा, असे ते साधे लोक! अशांस आपण रक्तसाक्षी म्हणतों. परंतु रक्त एका दिवशीं सांडतें. साक्ष मात्र त्यापूर्वीं कित्येक वर्षें चाललेली असते.

पुढें १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. १६४४ नंतर तेथें एकहि धर्मगुरु उरला नाहीं. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, देऊळ नाहीं. नागासाकीस दरवर्षीं लोकांना पवित्र प्रतिमेवर पाय द्यावयास लावीत. कित्येक भयानें पाय देत आणि घरीं येऊन अनुतापाची प्रार्थना म्हणत. गांवोगांव एक जण सणांचा व उपवासांचा काल गुप्तपणें मोजून ठेवी, दुसरा मुलांस बाप्तिस्मा देई. आणि मातापिता प्रार्थना तोंडीं शिकवीत. अशा रीतीनें दोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं.

८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्या सव्वीस रक्तसाक्षींस संतपद दिलें. पुढें नागासाकींत ओउरा येथें फ्रेंच धर्मगुरूंनीं त्यांच्याच नांवानें देऊळ उभारलें. १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवची कांहीं माणसें तेथें आलीं. त्यांतील एका स्त्रीनें फादर पेतिजां ह्यांस हळूच सांगितलें कीं, आपलें व आमचें अंतःकरण एकच आहे. आणि सांता मारियाची मूर्ति कोठें आहे, असें विचारलें. उपवासकाळहि ते लोक पाळीत होते! वसईच्या सुपुत्राचें नांव ज्या देवळाशीं जोडलेलें, तेथेंच ही साक्ष प्रकट व्हावी, ही देवाची योजना नव्हे काय?

परीक्षा अद्यापि संपली नव्हती. उराकामीच्या सुमारें तीन हजार चारशें ख्रिस्तींस हद्दपार करण्यांत आलें. सहाशेंहून अधिक परक्या मुलुखांत मेले. १८७३ सालीं बंदीचे फलक उतरले, तेव्हां उरलेले घरीं परतले व देऊळ बांधावयास लागले.

आमच्या सेवेच्या इतक्या वर्षांत, साक्ष देणें हें मुख्यतः व्यासपीठाचें काम, असें आम्हीं मानीत आलों, हें आज कबूल करणें आम्हांस भाग आहे. जपानांत व्यासपीठें मोडलीं, पण घरें उभीं राहिलीं. आपल्याकडे आज देऊळ भक्कम आहे. परंतु जेथें सांजेचा रोझरी बंद पडला आहे, जेथें मुलांची प्रार्थना केवळ धर्मशिक्षणाच्या वर्गावर सोंपविली आहे, जेथें शेजाऱ्याशीं बांधावरून वैर चाललें आहे, त्या घराची साक्ष कोण देणार? शेजारी आपलें प्रवचन ऐकत नाहीं. तो आपलें वजनमाप, आपला शब्द आणि आजाऱ्याच्या दारीं पडणारें आपलें पाऊल पाहतो.

ही ज्युबिली उलटेल, पताका उतरतील. प्रभूच्या कृपेनें ह्या धर्मग्रामांतील प्रत्येक घर असें होवो कीं, उद्यां देवळाचें दार बंद झालें तरी मुलांस प्रार्थना आठवावी. संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठीं विनंती करा.