गोठ्याला गोल लाकूड वापरताय? आधी साल काढा. कधी आणि कशी, वाचा सविस्तर

सुगी आटोपली की गावोगावी गोठ्याचं, शेडचं काम निघतं. लोखंडी अँगल परवडत नाही म्हणून बांधावरची निलगिरी, बाभूळ, सुबाभूळ किंवा सुरू तोडून मेढी, आढं आणि वासे केले जातात. लाकूड घरचं, मजुरी घरची. मात्र बहुतेक ठिकाणी ते सालीसकट उभं केलं जातं. मग खांबाच्या बुडाशी पिवळसर पिठाचा ढीग दिसायला लागतो. वरून खांब शाबूत वाटतो, पण बोटानं दाबलं तर साल आत जाते. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उचलला की असा खांब मोडतो, आणि खाली जनावरं बांधलेली असतात. साल काढायला लागणारा एक-दोन दिवसांचा वेळ वाचवला, की त्याची किंमत इथं द्यावी लागते.

सालीखाली काय चालतं?

जिवंत झाडाला साल राखते, तोडलेल्या लाकडाला तीच साल घात करते. सालीच्या आतला पातळ ओलसर थर झाडाचं अन्न वाहून नेतो. तो गोडसर असतो. झाड तोडल्यावर त्याच्या वासानं भुंगेरे येतात आणि सालीच्या फटीत अंडी घालतात. अळ्या आधी साल आणि लाकूड यांच्या मधला थर खातात, मग लाकडात शिरतात. साल काढून ठेवलेल्या लाकडावर अशा भुंगेऱ्यांना अंडी घालायला जागाच सापडत नाही.

दुसरी गोष्ट ओलीची. साल म्हणजे लाकडावर गुंडाळलेला कागदच. आतलं पाणी बाहेर पडत नाही, बुरशी धरते. वाळवी तर साल पाहूनच येते. तिला उजेड नको असतो आणि सालीखालून वर चढलेली वाळवी कुणाला दिसत नाही. सोललेल्या खांबावर मातीची रेघ लगेच डोळ्यात भरते, झाडून टाकता येते.

सगळं लाकूड सारखं खाल्लं जात नाही. मधला गर्द रंगाचा गाभा टिकाऊ असतो, बाहेरचा पांढरा भाग कच्चा. जुन्या बाभळीत आणि सागात गाभा मोठा असतो. चार-पाच वर्षांच्या निलगिरीत किंवा सुबाभळीत बराचसा पांढराच भाग असतो. म्हणून बारीक लाकडाची काळजी जास्त घ्यायची. प्रत्यक्षात लोक उलटं करतात, सागाचा खांब तासून घेतात आणि निलगिरीचा वासा तसाच चढवतात.

तोडल्या दिवशीच सोला

झाड ओलं असताना साल सुटते, वाळली की चिकटते. निलगिरीची साल तोडल्या दिवशी लांब पट्ट्यांनी निघून येते. आठवडाभर उन्हात पडलेल्या निलगिरीला तीच साल टवके टवके करून तासावी लागते. त्यामुळे एका दिवसात जेवढं सोलून होईल तेवढंच तोडावं.

पावसाळ्यात झाडात रस चढलेला असतो, तेव्हा साल सगळ्यात सोपी निघते. पण त्या हवेत लाकूड वाळत नाही, त्यावर काळी-निळी बुरशी येते. भर उन्हाळ्यात साल घट्ट बसते आणि सोललेलं लाकूड झपाट्यानं वाळून भेगाळतं. आपल्याकडे दिवाळीनंतरचा महिना-दीड महिना सगळ्यात सोयीचा. जमिनीत ओल असते, साल बऱ्यापैकी सुटते आणि पुढे वाळवायला कोरडी थंड हवा मिळते. वद्य पक्षात तोडलेल्या लाकडाला किडा लागत नाही, असं जुनी माणसं सांगतात. ज्याला पाळायचं त्यानं पाळावं, पण तिथी साधून तोडलेलं लाकूड महिनाभर सालीत ठेवलं तर उपयोग शून्य.

कॅनडा, नॉर्वेसारख्या थंड देशांत अख्ख्या ओंडक्यांची घरं बांधतात, तिथंही हाच हिशेब आहे. वसंतात रस चढला की पाइनची साल सहज निघते, म्हणून सोलायचं काम त्या दिवसांत करतात.

हत्यारं घरचीच

फार काही विकत आणावं लागत नाही. निलगिरी आणि सुरूला कोयता पुरतो. कोयत्याच्या टोकानं खांबाच्या लांबीनं एक चीर पाडायची, चिरेत पातं घालून साल उचकायची आणि हातानं ओढत जायचं. जुन्या फावड्याचं पातं सरळ करून त्याला धार लावली तर उभ्यानं ढकलत साल काढता येते, कंबर वाचते. बाभळीची साल जाड आणि खडबडीत असते. तिला आधी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे बोथट बाजूनं, सगळीकडून ठोकायचं. ठोकल्यानं साल सैल होते. गाठींजवळ वाकसानं तासावं.

परदेशात यासाठी दोन मुठींची सुरी वापरतात. पातं आडवं धरून स्वतःकडे ओढायचं. गावातला लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यापासून अशी सुरी करून देऊ शकतो. पाच-दहा खांबांसाठी तो खटाटोप नको, मोठी शेड असेल तर मात्र करून घ्यावी.

लाकूड जमिनीवर ठेवून सोलू नये. दगडाला लागून धार जाते आणि वाकून वाकून पाठ धरते. बेचक्याच्या दोन बुटक्या मेढी रोवून त्यावर कमरेइतक्या उंचीला खांब ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी पाचर मारावी. ताजं सोललेलं लाकूड साबणासारखं निसरडं असतं. त्यावर पाय देऊन उभं राहू नये, खांद्यावर उचलताना दोघांनी उचलावं. कोयता अंगाकडे ओढू नये. बाभूळ ठोकताना टवके डोळ्यात उडतात, फवारणीचा चष्मा घालावा.

वरची खडबडीत साल गेली म्हणजे काम झालं असं नाही. खालचा तपकिरी, तंतूंचा पातळ थरही खरवडून काढायचा. किड्याला हवा असतो तो हाच थर. लाकूड हाताला गुळगुळीत आणि एका रंगाचं लागलं पाहिजे.

निघालेली साल खांबांजवळ ढीग करून ठेवू नये, किडा तिथंच वाढतो. निलगिरीची साल वाळवून चुलीला चालते. बाभळीच्या सालीनं कातडी कमावतात.

सोलल्यानंतर

सोललेले खांब उन्हात टाकू नयेत. सावलीत, खाली दगड-विटांचा आधार देऊन, दोन थरांत हवा खेळेल असे रचावेत. पाणी दोन्ही टोकांतून सगळ्यात वेगानं उडतं आणि तिथूनच फाटायला सुरुवात होते. टोकांना शेणमातीचा जाड लेप किंवा उरलेला ऑइल पेंट लावावा. निलगिरीला हे कराच.

पिठाच्या किड्यासाठी टाकणखार आणि बोरिक पावडर यांचं मिश्रण चांगलं काम करतं. १०० लिटर कोमट पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक पावडर विरघळवून, ताडपत्री अंथरलेल्या चरात ओले, ताजे सोललेले खांब आठवडाभर बुडवून ठेवावेत. ओल्या लाकडात हे औषध आपोआप आत झिरपतं, साल असेल तर झिरपत नाही. जनावरांना त्या चराजवळ जाऊ देऊ नये. उरलेलं पाणी पिकात किंवा विहिरीजवळ ओतू नये, जास्त बोरॉननं पीक जळतं. पावसानं हे औषध धुऊन जातं, त्यामुळे छपराखालच्या लाकडालाच त्याचा खरा फायदा.

जमिनीत गाडायच्या बुडाचा प्रश्न वेगळा. खांब कुजतो तो जमिनीच्या अगदी पातळीवर, जिथं ओल आणि हवा दोन्ही मिळते. वाड्यांचे खांब इतकी वर्षं टिकले त्यात तळखड्याचा मोठा वाटा आहे, लाकूड मातीला लागतच नव्हतं. आजही दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर खांब उभा करणं सगळ्यात चांगलं. गाडायचाच असेल तर वाळल्यावर बुडाला डांबर द्यावं, जमिनीवर वीतभर येईल इतकं. जळकं ऑइल अनेकजण लावतात. जनावरं चाटतील अशा उंचीवर ते लावू नये.

तोडण्याआधी एवढं पाहा

साग, मोह, चिंच, आंबा, खैर ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी आधी परवानगी लागते. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करूनच कुऱ्हाड लावावी.

आणि उभ्या झाडाची साल गोल काढू नये. औषधासाठी अर्जुनसादड्याची साल चहूबाजूंनी काढली की मुळांना अन्न पोचत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं. ब्रह्मदेशात सागाचं हेच मुद्दाम करत. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून बुंध्याला गोल खाच पाडून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळवायचं आणि मग तोडून नदीतून तरंगत न्यायचं.