राखेच्या लाइनीकडे वळणाऱ्यांसाठी

अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॉटचे दोन संच आहेत, तर अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत २७० मेगावॉटचे पाच. आपल्याकडच्या कोळशात बहुधा ३० ते ४५ टक्के राख असते. त्यामुळे वीज केंद्र चालवणे म्हणजे निम्मे काम राख हलवण्याचेच. बॉयलरच्या तळाशी साठणारी राख पाण्यात कालवून पाइपांतून राख-बंधाऱ्याकडे ढकलायची, ही रीत जुनी आहे. हे पुस्तक त्या पाइपांविषयी आहे.

नवखा माणूस आल्याआल्या विचारतो, "सगळ्यांत टणक पाइप कोणता?" त्याला उत्तर देऊ नये, उलट विचारावे: कण केवढे, धारदार की गोल, पाणी आम्ल की अल्कली, वेग किती? कारण इथे झीज आणि गंज एकमेकांना हात देतात. पोलादावर गंजाचा थर बसला की तो काही काळ आतल्या धातूला आडोसा देतो. राखेतले सिलिकाचे कण तो थर खरवडतात आणि उघडा पडलेला धातू पुन्हा गंजतो. दोन्हींचे नुकसान वेगवेगळे मोजून बेरीज केली, तर ती प्रत्यक्षापेक्षा कमीच भरते. वेग दुप्पट केल्यास झीज पाच-सहा पट किंवा त्याहून अधिक वाढते. फार कमी केल्यास राख तळाशी बसून लाइन तुंबते. कण तळातूनच घासत जातात, म्हणून पाइप खालून आधी पातळ होतो. अनुभवी फिटर भोक पडायची वाट न बघता फ्लँज सोडून पाइप फिरवून बसवतात.

ज्या काळ्या दगडावर वऱ्हाड उभे आहे, तोच बेसाल्ट सुमारे १२५० अंशांवर वितळवून, साच्यात ओतून, सावकाश थंड केला की पाइपाचे अस्तर तयार होते. सरपटत जाणाऱ्या राखेपुढे ते पोलादापेक्षा कितीतरी अधिक टिकते आणि गंजण्याचा प्रश्नच नाही. पण समोरून आदळणारा मारा त्याला सोसत नाही, म्हणून आखूड बेंडला ते लावू नये. आपल्या काळ्या मातीचाही विचार हवा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आधार हलतात, जोडावर एका पाइपाची कड दुसऱ्याच्या आत डोकावते. प्रवाह तिथे भोवरा घेतो आणि फ्लँजच्या लगेच पुढे अस्तर खचते. दोष मात्र मालावर जातो.

एचडीपीई हा प्लास्टिकचा पाइप हलका, न गंजणारा. बारीक राखेला मला तो आवडतो. पण अकोल्याच्या उन्हात काळा पाइप किती तापतो ते हात लावून बघावे. तापमान ३० अंशांनी वाढले तर १०० मीटरची लाइन सुमारे अर्धा मीटर लांबते. पोलादाची साडेतीन सेंटिमीटर. रबराचे अस्तर बारीक कणांना उत्तम, धारदार क्लिंकरला, म्हणजे वितळून गोळा झालेल्या राखेच्या ढेपळांना, नाही. साधे पोलाद स्वस्त, मिळते कुठेही, आणि वेल्डिंगने ठिगळ लागते. त्याला नाके मुरडणाऱ्यांनी मध्यरात्री फुटलेली लाइन एकदा पाहावी. मात्र पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ते गाडायचे असेल, तर खारी माती बाहेरूनही खाते.

पहिल्या प्रकरणात पाइपाचा उल्लेखही नाही. तिथे फक्त राख आणि पाणी तपासायचे आहे. ते ओलांडून थेट दुसऱ्यावर जाऊ नका.