मोदिल्यानीची पोस्टकार्डे
आमेदेओ मोदिल्यानी (१८८४–१९२०) या इटालियन चित्रकाराने आपला आश्रयदाता पॉल आलेक्सांद्र यास लिहिलेली स्वाक्षरीची कार्डे. आलेक्सांद्र हा पॅरिसमधील तरुण डॉक्टर. १९०७ च्या सुमारास दोघांची ओळख झाली. तेथील रू द्यू देल्ता या रस्त्यावरचे घर आलेक्सांद्रने होतकरू कलावंतांसाठी खुले ठेवले होते. मोदिल्यानीची चित्रे विकत घेणारा तो पहिला महत्त्वाचा संग्राहक. चित्रकाराने फेकून देऊ पाहिलेली रेखाटनेही तो मागून घेई. अशी ४०० हून अधिक रेखाटने त्याच्यामुळे वाचली, हे त्याचे मोठे ऋण होय. १९१३ मध्ये मोदिल्यानी इटलीत, आपल्या जन्मगावी लिव्होर्नोला गेला असता त्याने तेथून आलेक्सांद्रला पत्रे व कार्डे पाठविली. त्या काळी तो शिल्पकलेत गुंतलेला होता, संगमरवरी कामाचे उल्लेखही या पत्रव्यवहारात येतात. मजकूर त्रोटक आहे. तथापि मोदिल्यानीच्या हातचे लेखन फार थोडे उरल्याने अभ्यासकांना या ओळी मोलाच्या वाटतात. त्याच्याविषयीच्या सांगोवांगीच्या दंतकथांपेक्षा त्या कितीतरी विश्वसनीय आहेत. मोदिल्यानीने आलेक्सांद्रची व्यक्तिचित्रेही रंगविली. १९१४ मध्ये आलेक्सांद्र महायुद्धावर गेला. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. आलेक्सांद्रचा हा संग्रह १९९३ मध्ये प्रकाशात आला.