वतन गेले, नोंद कुठे आहे? : तलाठ्याची लेखणी आणि गायरानधारक

सातबारा हा शेतकऱ्याचा प्राण आहे, असे पुढाऱ्यांच्या भाषणात आपण नेहमी ऐकतो. मग ज्याच्या नावाने सातबाराच नाही, तीस-चाळीस वर्षे गायरान कसूनही ज्याचे नाव कोणत्याही उताऱ्यावर येत नाही, त्याचा प्राण कोणत्या दप्तरात शोधायचा? बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे महसूल मंडळाचे गाव आहे. अशा मंडळात अनेक सजे असतात आणि प्रत्येक सज्जाला एक तलाठी. महसूल खात्याच्या उतरंडीत तलाठी अगदी खालच्या पायरीवर. पण भूमिहीन माणसासाठी सरकार म्हणजे हाच माणूस. जिल्हाधिकारी त्याला आयुष्यात एकदाही भेटत नाही, तलाठ्याकडे मात्र दहा चकरा माराव्या लागतात. म्हणून या पदाचा इतिहास आपण आपल्या बाजूने वाचला पाहिजे.

हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. पहिल्या सालारजंगाने १८६५ साली जिल्हाबंदी केली, पुढे जमिनीची मोजणी आणि आकारणी झाली. वरचा कारभार आधी फारसीत आणि नंतर उर्दूत चालला. पण गावात लेखणी होती ती वंशपरंपरागत पटवाऱ्याच्या हाती. वसुली पाटलाची, लिखाण पटवाऱ्याचे. आणि आमचे पूर्वज कुठे होते? ते गावाच्या वेशीवर होते. शिवेचा तंटा झाला की हद्द दाखवायला महारालाच बोलावीत. सरकारी पट्टीची रक्कम कचेरीत पोहोचवायला सोबत तोच, सांगावा घेऊन पायपीट करणाराही तोच. म्हणजे गावच्या जमिनीची हद्द ज्याला पायाने पाठ होती, त्याला ती कागदावर लिहिण्याचा अधिकार नव्हता. जमिनीचे ज्ञान एकाकडे आणि नोंदीची सत्ता दुसऱ्याकडे, अशी ती वाटणी होती. जातिव्यवस्था केवळ पाणवठ्यावर आणि देवळातच होती असे समजू नका. ती दप्तरातही होती.

ही गोष्ट बाबासाहेबांनी फार लवकर ओळखली. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनाच्या नावाखाली दिलेल्या जमिनीच्या तुकड्यासाठी अख्ख्या घराला रात्रंदिवस राबवले जाते, हे त्यांनी सरकारला सुनावले. वतनदाराला या चाकरीतून मोकळे होता यावे आणि त्याची जमीन इतर रयतेसारखी व्हावी, ही त्यांची मागणी होती. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. ते मुंबई इलाख्यापुरते होते, निजामाच्या मराठवाड्याला लागू होणार नव्हते. पण विचार इलाख्याच्या हद्दीत थांबत नसतो. गावची सत्ता जन्माने मिळता कामा नये, हा त्यातला गाभा होता.

पुढे तेच घडले. मुंबई राज्यात कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० साली झाला. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. महाराष्ट्र राज्य झाल्यावर महसुली पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपवले गेले. इकडे सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची राजवट गेली, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, १९५० साली हैदराबादचा कूळ कायदा आला आणि १९५४-५५ ची खासरा पाहणी झाली. आजही मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील आधी खासरा पाहणीची नक्कल मागतो. वंशाने येणारा पटवारी टप्प्याटप्प्याने गेला आणि पगारी, बदली होणारा तलाठी आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने हे पद पक्के केले. हा काही सरकारचा उपकार नव्हे. यामागे आमच्या माणसांचा लढा आहे.

पण वतन गेले म्हणून जमीन मिळाली का? नाही. जहागीर गेली ती बहुतेक कसणाऱ्या सवर्ण कुळांकडे गेली. महारवाड्या-मांगवाड्याकडे कूळ म्हणूनही नोंद नव्हती, मग कूळ कायद्याचा फायदा कुठून मिळणार? राहिले ते गायरान आणि पडीक. म्हणून मराठवाड्यात १९५३ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर माणसे तुरुंगात गेली. बीड जिल्ह्यात पुढे ॲड. एकनाथ आवाडांनी मानवी हक्क अभियानातून दलित-भटक्यांना गायरानावर उभे केले. लोकांनी दगड वेचले, बांध घातले, माळरानावर ज्वारी-तूर पिकवली.

सरकारलाही हे मान्य करावे लागले. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे आधी नियमित करण्याचे ठरले. नंतर २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने ही मुदत १४ एप्रिल १९९० पर्यंत वाढवली. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या पहिल्या दिवसाची ती तारीख आहे. पण त्या तारखेआधी जमीन कसत होतो हे सिद्ध कशाने करायचे? इथेच सगळी गोष्ट तलाठ्याच्या दप्तरात येऊन अडते.

गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाची नोंदवही. त्यात नाव, गट नंबर, क्षेत्र आणि पीक लिहायचे. नोंद झाली की दंड होतो. आणि तोच दंड भूमिहीनाचा पुरावा ठरतो! ज्यांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपल्या, त्यांची दाद लागण्याची शक्यता तरी राहिली. ज्यांना तलाठ्याने तोंडी दमदाटी करून परत पाठवले, ज्यांचे नाव लिहिलेच नाही, ते कायद्याच्या दृष्टीने त्या रानात कधी नव्हतेच. गुन्हेगार म्हणून तरी आमचे नाव लिहा, असे म्हणण्याची पाळी ज्या समाजावर येते, त्या समाजाला स्वातंत्र्याचा अर्थ विचारू नका.

काही जण म्हणतील, गायरान गुरांसाठी असते, त्यावर नांगर कशाला? प्रश्न खोटा नाही. शेळ्या-मेंढ्या गरिबाकडेही असतात. पण गायरान गिळणारा फक्त भूमिहीनच आहे का? धनदांडग्याने बांध कोरून गायरानात चार एकर सरकवले की ती वहिवाट होते. आमच्या माणसाने दोन एकर कसले की ते अतिक्रमण होते. २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जमिनीवरील अतिक्रमणे काढायला सांगितली, हे सगळे सांगतात. शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना जमीन दिली असेल, तर ते अपवाद ठरू शकते, असे त्याच निकालात म्हटले आहे. हे मात्र कोणी सांगत नाही.

आता काळ बदलला आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. आरक्षणामुळे आमची मुले-मुलीही त्या खुर्चीवर बसली आहेत. २०२४ साली पदाचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. पण त्यात खातेदाराचे नाव निवडावे लागते. ज्याचे खातेच नाही, त्याचे पीक मोबाईललाही दिसत नाही. त्यात बीडचा भूमिहीन दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. रब्बीच्या पाहणीला तलाठी येतो तेव्हा झोपडीला कुलूप असते. मग शेरा पडतो तो पडीक जमिनीचा.

म्हणून आमचे दोन्हीकडे सांगणे आहे. त्या खुर्चीवर बसलेल्या आपल्या भावाबहिणींना सांगणे असे, की तुमच्यावर वरून दाब आहे, गावातून दाब आहे, एकाकडे दोन-दोन सजांचा भार आहे, हे आम्हाला कळते. आम्ही तुमच्याकडे मेहेरबानी मागत नाही. रानात जे दिसते ते लिहा, एवढेच मागतो. आणि गावातल्या बांधवांनो, माहितीच्या अधिकारात एक-ईची नक्कल मागा, दंडाच्या पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा, ऊसतोडीला जाण्याआधी पाहणीसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

शिवेची हद्द आमच्या आजोबांनी पायाने राखली. ती लिहिण्याचा अधिकार नातवंडांच्या हाती आला आहे. आता त्या नोंदवहीत आपल्याच माणसाचे नाव गाळले गेले, तर दोष पटवाऱ्यावर ढकलता येणार नाही.

जय भीम!