आधी पडदा, मग कलादालन

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू स्मारक भवनात एक लहानसे कलादालन आहे. शहरातले आणि जिल्ह्यातले चित्रकार तिथे आपली चित्रे मांडतात. पंचगंगेचा घाट, रंकाळा, जुने वाडे, फेटा बांधलेला म्हातारा, बाजारातल्या बायका असे विषय असतात आणि बरेचदा माध्यम जलरंगाचे. मुंबईच्या कलासमीक्षेने या भिंतींकडे फारसे पाहिलेले नाही. तरीही एका जिल्ह्याच्या गावात चित्रकारांच्या पिढ्यांमागून पिढ्या शंभर वर्षांहून अधिक काळ टिकल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात सहजी दुसरीकडे सापडत नाही. असे का झाले, याचे ठरलेले उत्तर असे की, शाहू महाराजांनी कलेला राजाश्रय दिला आणि त्या पुण्याईवर पुढचे सगळे उभे राहिले. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. राजाश्रयाने चित्रकाराचे पोट भरते; चित्र पाहणारा माणूस त्याने घडत नाही. कोल्हापुरात तो माणूस नाटकाच्या पडद्यापुढे आणि सिनेमाच्या पोस्टरखाली घडला. कलादालन पुष्कळ उशिरा आले आणि त्याला हा प्रेक्षक आयता मिळाला, असे माझे म्हणणे आहे.

राजाश्रयाची बाजू सर्वांत भक्कम दिसते ती आबालाल रहिमान यांच्या उदाहरणात. कोल्हापूरचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथे नावाजला गेला आणि परत आला. त्याच काळातले दुसरे कोल्हापूरकर म्हणजे १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर. ते जे. जे.मध्ये गेले, तिथेच शिक्षक झाले आणि पुढे त्या संस्थेचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. आबालालांनी मुंबईची वाट सोडली. शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार म्हणून ते राहिले आणि कोटितीर्थ तळ्याच्या काठी बसून त्यांनी पाणी, झाडे, सांजवेळचा उजेड रंगवला. १९३१ साली ते गेले. त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, ही आख्यायिका कोल्हापुरात अजून सांगतात. ती घडली तशी खरी असो वा नसो, तिच्यातून एक गोष्ट नेमकी कळते: आबालालांच्या निसर्गचित्रांना त्यांच्या हयातीत घेणारे आणि टांगणारे घर गावात नव्हते. दरबार होता, वेतन होते, पण ती चित्रे पाहायला येणारा गाव अजून तयार व्हायचा होता. राजाश्रय एकट्याने काय करू शकतो आणि कुठे थांबतो, ते इथे दिसते.

तो गाव तयार झाला तो नाट्यगृहात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत संगीत नाटक मंडळ्यांचा थाट त्यांच्या पडद्यांवर ठरत असे. राजवाडा, रस्ता, अरण्य, देऊळ असे रंगवलेले भव्य कापडी पडदे मंडळीच्या सामानात असत, आणि नाटकाच्या जाहिरातीत गायक नटांच्या जोडीने नव्या सीनसीनरीचाही उल्लेख असे. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री घराण्यातल्या चुलतभावांनी १९१० ते १९१६ या काळात असे पडदे रंगवून पश्चिम भारतभर नाव मिळवले. पेंटर हीच त्यांची ओळख झाली. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीसाठी त्यांनी काम केले, पारशी-गुजराती रंगभूमीसाठीही केले. पडदा रंगवणे हे चौकटीतल्या चित्रापेक्षा वेगळे कसब आहे. पुढच्या खुर्चीवरून आणि मागच्या पिटातूनही रस्ता लांबवर जाताना दिसला पाहिजे, कमानीखालची सावली दिव्यांच्या उजेडात मरता कामा नये, आणि नट पुढे उभा राहिला की चित्राने मागे सरले पाहिजे. यथार्थदर्शनाचे, छायाप्रकाशाचे जे धडे जे. जे.च्या वर्गात मूठभर विद्यार्थी गिरवत होते, तेच धडे तिकीट काढून आलेला तालमीतला गडी, पेठेतला व्यापारी, शाळामास्तर रात्रभर डोळ्यांनी घेत होता. शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर १९१५ साली उभे राहिले तेही खासबागच्या कुस्ती मैदानाला लागून. कुस्ती आणि नाटक यांचा प्रेक्षक तिथे एकच होता.

नाटकाचा पडदा बघणे म्हणजे काही चित्र बघणे नव्हे, पडदा ही केवळ सजावट, असा आक्षेप यावर येईल. पण मग मुंबईत काय चालले होते तेही पाहावे. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली आणि तिच्या प्रदर्शनांत सुरुवातीला इंग्रज अधिकारी, त्यांच्या बायका आणि शहरातले धनिक यांचाच वावर मोठा होता. तिथे चित्राला चौकट होती, पण बघणाऱ्यांचे वर्तुळ लहान होते. कोल्हापुरात चौकट नव्हती आणि वर्तुळ मोठे होते. एखाद्या गावात चित्रकला रुजायची असेल तर या दोहोंपैकी कशाची गरज आधी पडते, याबद्दल मला शंका वाटत नाही. चौकट पुढे कधीही करून घेता येते.

आनंदरावांना पुढे चालत्या चित्रांचा ध्यास लागला आणि कॅमेरा बनवण्याच्या खटपटीतच १९१६ साली ते वारले. बाबूरावांनी, मदतीला विष्णुपंत दामल्यांना घेऊन, तो कॅमेरा पुरा केला, तानीबाई कागलकर या गायिकेच्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. सिनेमाच्या इतिहासात हे सगळे सविस्तर येते. चित्रकलेच्या इतिहासात त्याची जागा अजून नीट ठरलेली नाही. ही कंपनी म्हणजे चित्रकारांची एक कार्यशाळाच होती. तिथले फत्तेलाल चित्रकार होते, दामले पडदे रंगवण्यातून आलेले होते. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे बाबूरावांनी केलेले चित्रमय पोस्टर भारतातल्या आज उपलब्ध असलेल्या अशा पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. नाटकाचा पडदा नाट्यगृहाच्या आत होता. पोस्टर तिठ्यावर आले, फुकट झाले. पुढे याच शहरातल्या जी. कांबळे यांनी सिनेमाची पोस्टर्स रंगवून देशभर नाव कमावले, आणि शिवाजी महाराजांचे शासनमान्य चित्रही त्यांच्याच हातचे. सरकारी कचेरीत टांगलेली ती तसबीर ज्या हाताने काढली, तो हात सिनेमाच्या जाहिरातीत तयार झाला होता, हे लक्षात घेतले की उच्च कला आणि बाजारू कला ही वाटणी कोल्हापूरला का लागू पडत नाही ते समजते. चंद्रकांत मांडरे यांचेही तसेच. लोक त्यांना नट म्हणून ओळखतात, पण ते बाबूरावांच्या तालमीतले निसर्गचित्रकार होते. आपले राहते घर त्यांनी शासनाला दिले आणि राजारामपुरीतल्या त्या घरात आज त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ही सगळी शैली मूळची जे. जे.ची, म्हणजे विलायती अकादमीची. कोल्हापूरने ती उसनी घेतली, मग त्यात कोल्हापूरचे काय? आबालाल जे. जे.त शिकले आणि इथलेच चित्रकार माधवराव बागलही तिथेच शिकले. पण बाबूराव कोणत्याच कलाशाळेत गेले नाहीत. वडील कृष्णराव मेस्त्री सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम करणारे. त्यांच्याच हाताखाली मुलगा घडला आणि वास्तवदर्शी चित्रण त्याने पाहून पाहून आत्मसात केले. म्हणजे शैली मुंबईहून आली, पण ती कारागिराच्या घरात शिरली आणि तिथून पुढच्यांना मिळाली. दत्तोबा दळवींनी काढलेली दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि नंतर कलानिकेतन यांनी हे शिक्षण गावातच मिळण्याची सोय केली. तिथून बाहेर पडलेल्या मुलांतली कितीतरी माध्यमिक शाळांत चित्रकलाशिक्षक झाली. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुले बसवणारा हा शिक्षक कलेच्या इतिहासात कुठे येत नाही. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. खेड्यातल्या पोराच्या हातात पहिला ब्रश त्याने दिला आणि सुट्टीत घाटावर बसून स्वतःची चित्रे त्यानेच केली. लहान कलादालनाचा प्रदर्शक आणि त्याचा प्रेक्षक हे दोघेही या एका माणसाने पुरवले.

राजाश्रयाचा मुद्दा पुन्हा तपासायचा तर औंधकडे जावे. सातारा जिल्ह्यातल्या या छोट्या संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, चित्ररामायण हे त्यांचेच काम. १९३८ साली त्यांनी औंधच्या टेकडीवर जे संग्रहालय उभारले तिथे राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत, हेन्री मूरचे दगडातले माता आणि बालक आहे. संग्रहाच्या मोलाने पाहिले तर कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाला त्याची बरोबरी करता येणार नाही. इतका जाणता आणि कलेवर जीव टाकणारा राजा दुसरा दाखवणे कठीण. तरीही औंधात चित्रकारांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालली नाही. चित्रकार पंडित सातवळेकर तिथे आले तेव्हा त्यांची चित्रकला मागे पडून वेदाभ्यास पुढे आला होता. त्यांचे चिरंजीव माधवराव मोठे चित्रकार झाले ते मुंबईत. औंध खेडे आणि कोल्हापूर शहर, ही तुलनाच न्याय्य नाही, असे कोणी म्हणेल. पण तोच तर मुद्दा आहे. शहरात नाटक मंडळ्या उतरत, स्टुडिओ चालत, दुकानांना पाट्या आणि संस्थांना संस्थापकांची तैलचित्रे लागत. शाहू महाराज १९२२ साली गेले, १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि तरीही कोल्हापुरात रंगाला गिऱ्हाईक राहिले. आश्रय संपल्यावर जे टिकते त्याचे कारण आश्रयाबाहेर शोधले पाहिजे.

या घडणीची किंमतही कोल्हापूरने मोजली, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पडदा आणि पोस्टर पाहून तयार झालेली नजर आधी साम्य मागते. माणूस हुबेहूब आला का, पाणी पाण्यासारखे दिसते का, हे ती पहिल्यांदा तपासते. मुंबईत १९४७ साली चित्रकारांच्या प्रोग्रेसिव्ह गटाने चित्राची सगळी मांडामांड मोडली, तेव्हा कोल्हापूर बराच काळ घाटावरच्या उन्हात रमलेले होते. त्यामुळे प्रयोगाची भूक असलेल्या कितीतरी मुलांना गाव सोडावे लागले. हा दोष खराच. परंतु तेवढ्यावरून या परंपरेला साचलेली म्हणणे मला पटत नाही. आबालालांच्या उत्तरायुष्यातल्या निसर्गचित्रांत रंगाचे ठिपके असे काही मोकळे सुटतात की अभ्यासकांना इम्प्रेशनिस्टांची आठवण व्हावी. साम्याच्या चौकटीतही किती दूर जाता येते ते तिथे दिसते. शिवाय नव्या कलेने मुंबईत जो प्रेक्षक गमावला, रस्त्यावरचा, कुटुंबासह येणारा, बिचकून न जाणारा, तो कोल्हापूरने राखला. टाउन हॉलच्या बागेत रंगबहार संस्था मैफल भरवते. गाणे चाललेले असते आणि चित्रकार, शिल्पकार लोकांदेखत काम करत असतात. चित्र होताना पाहायला माणसे जमणे ही गोष्ट पडद्याच्या काळापासून चालत आलेल्या सवयीखेरीज मला समजावून सांगता येत नाही.

म्हणूनच आजची काळजी कलादालनाच्या भिंतींपेक्षा मोठी आहे. कापडी पडदे विरले, पोस्टर रद्दीत गेली, आणि हाताने रंगवलेल्या बॅनरची जागा फ्लेक्सने घेतली. पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत सापडले. ज्या वाटांनी प्रेक्षक दालनापर्यंत येत होता त्या एकेक करून बंद होत आहेत, आणि संग्रहालयांत मात्र आपण चौकटीतली चित्रेच जपत आलो. आबालाल, बाबूराव, बागल यांची तैलरंगातली, जलरंगातली चित्रे जपली पाहिजेत यात वाद नाही. पण शाहू स्मारकाच्या दालनाने वर्षातला एक आठवडा पडदे, पोस्टर, पाट्या आणि बॅनर यांना द्यावा, त्यांचे मिळतील ते नमुने आणि छायाचित्रे मांडावीत, फ्लेक्स येण्यापूर्वी ब्रशवर घर चालवलेल्या पेंटरांना तिथे बोलावून मुलांसमोर काम करायला लावावे. शाळांच्या चित्रकलाशिक्षकांना त्यासाठी वेगळे आमंत्रण द्यावे. त्याला मोठा खर्च येणार नाही. ही माणसे अजून शहरात आहेत आणि त्यांची वये वाढत आहेत.