हात तुटतो, आज्ञा तुटत नाही

आटपाडी म्हटले की इतिहासप्रेमींना औंध संस्थान आठवते, स्वतंत्रपूरची कैद्यांची मुक्त वसाहत आठवते आणि तिच्यावरून ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर निघालेला १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ही. त्या चित्रपटातले बाराही हात शाबूत होते. याच माणदेशात तुटलेल्या हातांचाही एक इतिहास आहे. तो क्वचितच सांगितला जातो.

हा खिलार जनावरांचा मुलूख. पाऊस बेताचा, म्हणून कडब्याची काडीही वाया जाऊ द्यायची नाही. कुट्टी करूनच जनावरांपुढे टाकायची. यंत्राच्या तोंडात पेंढी सारताना क्षणभर लक्ष ढळले, की रूळ पेंढीबरोबर पंजाही आत ओढतात. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संसदेने १९८३ मध्ये केला खरा, पण त्याचा मुख्य रोख मळणीयंत्रांवर होता.

कृत्रिम हाताचा शोध मात्र गोठ्यामुळे नव्हे, युद्धामुळे वेगाने पुढे गेला. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. पुढे ते खडकीला हलले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. त्या काळातला कामाचा हात म्हणजे खांद्याच्या पट्ट्याला जोडलेली तार आणि टोकाला उघडमीट करणारा दुभंगलेला आकडा. तो आकडा अमेरिकेतील डी. डब्ल्यू. डोरन्स याने १९१२च्या सुमारास घडवला. त्याचा स्वतःचा हात लाकूड-गिरणीत गेला होता.

तारेऐवजी स्नायूलाच विचारले तर? बोटे मिटणारे आणि उघडणारे बरेचसे स्नायू पंजात नसून कोपराखाली असतात. पंजा गेला तरी ते मागे उरतात. माणसाने ‘मूठ मीट’ असे मनात आणले, की मेंदूची आज्ञा तिथवर पोहोचते, स्नायू आकसतो आणि अत्यंत क्षीण वीज उमटते. एमिल द्यु ब्वा-रेमों याने १८४९च्या सुमारास जर्मनीत ही वीज माणसाच्या हातावर टिपली. कातडीचा अडथळा दूर करण्यासाठी त्याने स्वतःच्या हातावर फोड आणवले होते!

या विजेवर हात चालवण्याचा पहिला प्रयत्न म्युनिकच्या राइनहोल्ड राइटर याने १९४०च्या दशकात केला. त्याची यंत्रणा निर्वात नळ्यांची, अवजड; प्रयोग लवकरच विस्मृतीत गेला. ट्रान्झिस्टर आल्यावर यंत्रणा अंगावर बाळगण्याजोगी झाली आणि १९६०च्या सुमारास मॉस्कोत कोब्रिन्स्की व सहकाऱ्यांचा हात जगापुढे आला. तत्त्व आजही बहुतांशी तेच आहे: कातडीवर टेकलेले इलेक्ट्रोड, संकेत मोठा करणारे मंडल, बॅटरी, मोटर. एका बाजूचा स्नायू आवळला की मूठ मिटते, दुसऱ्या बाजूचा आवळला की उघडते.

पण पेला किती घट्ट धरला आहे, हे अशा बहुतेक हातांना कळत नाही. डोळ्यांनी पाहावे लागते. घाम आला, इलेक्ट्रोड किंचित सरकला, की संकेत बिघडतो. किंमतही सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात सहसा नसते. डोरन्सच्या आकड्याचे वारस म्हणूनच आजही जगभर वापरात आहेत. आटपाडीच्या उन्हात, कडब्याच्या धुळीत, त्यांना बॅटरी लागत नाही आणि कोरडी कातडीही लागत नाही.