भोपळ्याची पाई आणि उपकारस्तुतीची टोपली



नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांच्या फोनवर अमेरिकेतल्या मुलांकडून, भाच्या-पुतण्यांकडून एकाच प्रकारची छायाचित्रे येतात. लांब मेज, भाजलेला टर्की पक्षी, आणि सगळ्यांत शेवटी केशरी-तपकिरी रंगाची गोल पाई. ही पाई आपल्या ओळखीच्या लाल भोपळ्याची असते. करंजीच्या पारीसारखे पीठ लाटून खोलगट ताटलीत बसवायचे, शिजवून गाळलेल्या भोपळ्यात दूध, अंडी, साखर, दालचिनी, सुंठ, जायफळ कालवून ते त्यात ओतायचे आणि घट्ट होईपर्यंत भट्टीत भाजायचे. थँक्सगिव्हिंगचे, म्हणजे उपकारस्तुतीच्या दिवसाचे, कौटुंबिक जेवण या पाईवाचून अनेक घरांत पुरे होत नाही.

आपल्या मंडळ्यांतही हंगामाचा सण होतो, वेदीपुढे भाज्या-धान्य मांडले जाते, आणि त्यात हमखास एक भोपळा असतो. म्हणून या पाईचा इतिहास आपण जाणून घ्यावा असे आम्हांला वाटते. तो गोड आहे. पण सगळाच गोड नाही.

पहिल्या जेवणात पाई नव्हती

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून निघून आजच्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांतला मोठा गट आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता यावी म्हणून मायदेश सोडलेल्या लोकांचा होता. पहिल्या हिवाळ्यातच त्यांच्यापैकी सुमारे निम्मे मरण पावले. उरलेल्यांच्या हाती १६२१ च्या शरद ऋतूत पीक आले, तेव्हा त्यांनी आनंद केला. त्यांच्यापैकी एडवर्ड विन्स्लो यांनी ११ डिसेंबर १६२१ च्या पत्रात याचा वृत्तांत थोडक्यात लिहिला आहे. चार माणसे पक्ष्यांच्या शिकारीला गेली. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसांसह आला. मेजवानी तीन दिवस चालली. पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणली.

त्या पत्रात पाईचा उल्लेख नाही, आणि असणार तरी कसा? वसाहतीत गाईगुरे आली ती १६२४ मध्ये. १६२१ साली दूध नाही, लोणी नाही, पारीसाठी गव्हाचे पीठही नाही. आज ज्या पदार्थावाचून सण अडतो, तो त्या जेवणात कोणी पाहिलाही नव्हता.

भोपळा कोणाचा?

भोपळा मात्र त्या भूमीत होता, आणि तो पाहुण्यांचा होता. मेक्सिकोत सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने भोपळ्याची जात लावायला सुरुवात केली. तिथून बियाणे हातोहात उत्तरेकडे गेले. त्या किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी एकाच शेतात मका, घेवडा आणि भोपळा लावत. मक्याच्या ताटाला घेवडा बिलगे, आणि भोपळ्याची रुंद पाने जमीन झाकून ओल धरून ठेवत. याच वर्गातल्या फळभाजीला इंग्रजीत ‘स्क्वॉश’ म्हणतात, तो शब्दसुद्धा शेजारच्या नॅरॅगॅन्सेट लोकांच्या भाषेतला आहे.

नवी वसाहत जिथे उभी राहिली ते ओसाड पडलेले पटुक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ या काळात युरोपियनांबरोबर आलेल्या रोगाच्या साथीने ते गाव संपले. त्या गावचा टिस्क्वांटम वाचला, कारण १६१४ मध्येच एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेले होते. इंग्लंडमार्गे तो १६१९ साली परत आला तेव्हा त्याच्या घरचे, गावचे कोणी उरले नव्हते. अशा माणसाने नवागतांना मका कसा पेरायचा, खत म्हणून मासे कसे घालायचे, हे शिकवले. ज्या राष्ट्राच्या माणसाने त्याला विकले, त्या राष्ट्राच्या उपाशी लोकांना त्याने पीक घ्यायला शिकवले. आम्ही हे लिहिताना क्षणभर थांबलो. तुम्हीही थांबा.

पुढे कित्येक वर्षे भोपळा हे न्यू इंग्लंडचे रोजचे अन्न होते. १६७२ साली जॉन जॉसेलिन यांनी तिथली रीत लिहून ठेवली आहे: भोपळ्याच्या फोडी दिवसभर मंद आचेवर शिजवायच्या, वरून लोणी, सिरका आणि सुंठेसारखा मसाला घालायचा. त्याने पोटात वारा धरतो, असेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले! त्याआधी, १६५० च्या दशकात, एडवर्ड जॉन्सन यांनी भोपळ्याला हसणाऱ्यांना समज दिली होती. धान्य आणि गुरे वाढेपर्यंत प्रभूने आपल्या लोकांना याच फळाने जगवले, असे त्यांचे म्हणणे. देवाने जगवले हे खरेच. पण कोणाच्या शेतातून आणि कोणाच्या हातून, हे पुढच्या पिढीच्या तोंडी राहिले नाही.

सारणात आणखी काय होते

मॅसासॉइटने केलेला सलोखा त्याच्या हयातीत टिकला. मग जमिनीवरून कुरबुरी वाढल्या आणि १६७५ मध्ये त्याचा मुलगा मेटाकॉम याच्याशी वसाहतींचे युद्ध पेटले. ऑगस्ट १६७६ मध्ये मेटाकॉम मारला गेला. त्याचे मस्तक प्लिमथमध्ये खांबावर लावून वर्षानुवर्षे ठेवले गेले, आणि त्याच महिन्यात त्या वसाहतीने उपकारस्तुतीचा दिवस पाळला. पकडलेल्या कित्येक मूळ रहिवाशांना वेस्ट इंडीजमध्ये गुलाम म्हणून विकण्यात आले.

त्याच बेटांवरून न्यू इंग्लंडच्या स्वयंपाकघरात काकवीसारखा दाट काळसर पाक येई. तो पिकवणारे हात गुलामांचे होते. १७९६ मध्ये हार्टफर्ड इथे अमेलिया सिमन्स यांचे ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक छापले गेले. मुखपृष्ठावर त्यांनी आपली ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ अशी करून दिली. त्यांच्या पुस्तकात पारीत भाजायच्या भोपळ्याच्या दोन कृती आहेत. एक साय, नऊ अंडी आणि साखर घालून. दुसरी दूध, चार अंडी आणि हा काळा पाक घालून. साखर परवडणाऱ्या घरासाठी एक आणि न परवडणाऱ्यासाठी एक, असेच आम्हांला ते वाचताना वाटले. पण दोन्हींचा गोडवा उसाच्या मळ्यांतलाच.

जायफळाचीही तीच कथा. ते तेव्हा इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरून येई. प्लिमथची मेजवानी झाली त्याच १६२१ साली डच कंपनीच्या यान पीटरझोन कून याने ती बेटे जिंकताना तिथल्या बहुतेक रहिवाशांना मारले, गुलाम केले किंवा हुसकावून लावले.

एका विधवेची चिकाटी

पाईला सणाच्या मेजावर मानाचे स्थान मिळाले त्यात सारा जोसेफा हेल यांचा वाटा मोठा. कोकरू घेऊन शाळेत जाणाऱ्या मेरीची जी इंग्रजी कविता आपली मुले म्हणतात, ती त्यांचीच. १८२२ मध्ये त्या विधवा झाल्या. पाच मुले पदरात, म्हणून त्यांनी लेखणी हाती घेतली. १८२७ च्या ‘नॉर्थवुड’ या कादंबरीत त्यांनी उपकारस्तुतीच्या जेवणाचे सविस्तर वर्णन केले आणि भोपळ्याच्या पाईला त्यात मान दिला. हा दिवस साऱ्या देशाने एकाच दिवशी पाळावा म्हणून त्या वर्षानुवर्षे राज्यपालांना आणि राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहीत राहिल्या. अखेर यादवी युद्ध चालू असताना, ३ ऑक्टोबर १८६३ ला, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. त्या घोषणेत उपकारस्तुतीबरोबर राष्ट्राच्या पापांबद्दल पश्चात्ताप करायला आणि विधवा, अनाथ, शोक करणारे यांच्यासाठी प्रार्थना करायलाही सांगितले होते.

१९७० साली वाम्पानोआग वंशाच्या वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना एका समारंभात बोलायला बोलावले होते. पण त्यांच्या भाषणातले खरे शब्द यजमानांना मानवले नाहीत. तेव्हापासून मूळ रहिवासी दरवर्षी त्याच दिवशी प्लिमथला जमून शोकदिन पाळतात.

ही गोष्ट आपलीही आहे

हे दूरदेशीचे आहे असे आपण म्हणू शकत नाही. १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे याच न्यू इंग्लंडचे. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने १८२६ मध्ये नवा करार मराठीत छापला. त्यांना पाठवणाऱ्या त्याच मिशन मंडळाचे सॅम्युएल वुस्टर जॉर्जियात चेरोकी लोकांच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी १८३१ मध्ये तुरुंगात गेले. म्हणजे विसरणारे त्या मंडळीत होते, तसे आठवण ठेवून किंमत मोजणारेही होते. दोघेही आपले पूर्वज आहेत.

पवित्र शास्त्रात उपकार मानण्याची रीत अनुवादाच्या २६ व्या अध्यायात आहे. नुसती प्रथमफळांची टोपली आणून ठेवायची नाही. ती ठेवताना गोष्ट सांगायची. आमचा पूर्वज भटका होता, आम्ही मिसरात गुलाम होतो, आमचा छळ झाला, देवाने आम्हांला सोडवले. आणि मग त्या आनंदात आपल्यामध्ये राहणाऱ्या उपऱ्यालाही सामील करून घ्यायचे. लूकाच्या १७ व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले; परत येऊन उपकार मानणारा एकच, आणि तोही परका शोमरोनी.

गोष्ट गाळून केलेली उपकारस्तुती अर्धी राहते. आपल्या लाल भोपळ्याचे मूळही अमेरिकेतच आहे. युरोपियनांच्या जहाजांतून तो इकडे आला आणि आपल्या आयांनी त्याचे घारगे केले. तेव्हा यंदा हंगामाच्या सणाला किंवा नाताळच्या जेवणाला भोपळ्याचे काही गोड कराल, मग ते घारगे असोत की पाई, तर वाढण्याआधी मुलांना दोन मिनिटे सांगा: हे बियाणे कोणी जपले, ऊस कोण तोडतो, आपल्या घरी शेतातून भाजी कोण आणून देतो. आणि जमल्यास त्यांच्यापैकी एखाद्या कुटुंबाला त्याच पंक्तीला बोलवा.

प्रभू येशू, तू दिलेल्या अन्नाबद्दल आणि ते ज्यांच्या हातून आले त्या सर्वांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. ज्यांना आम्ही विसरलो त्यांची आठवण आम्हांला दे. आमेन.